रमजानमध्ये परवडणारी फळे : किती, कोणती आणि कधी घ्यावीत?

रमजान लागला की फळांचे भाव चढतात, हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. मग दस्तरखानावर भजी-समोसे वाढत जातात आणि फळ मात्र खजुराबरोबर दोन-चार फोडींपुरतं उरतं. रोजात पाणी कमी, त्यात तळलेलं जास्त. म्हणून बद्धकोष्ठ, जळजळ या तक्रारी घरोघर ऐकू येतात. परीक्षेच्या दिवसांत रोजा धरणाऱ्या मुलांकडे तर जास्तच लक्ष द्यावं लागतं. थोडा हिशेब केला तर साध्या मिळकतीतही रोज फळ खाता येतं. तो हिशेब आपण इथे पाहू.

किती लागतं?
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात २००० किलोकॅलरीच्या दिवसभराच्या आहारात १०० ग्रॅम फळ धरलं आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज अर्धा किलो, महिन्याला १५ किलो. साली-बिया धरून बाजारातून साधारण २० ते २२ किलो आणावं लागेल. हा आकडा चाँदरातीआधीच डोक्यात असला की रोजची घासाघीस कमी होते.

हंगामाचं फळ घ्या
रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. भारतात तो २०२४ मध्ये १२ मार्चला आणि २०२५ मध्ये २ मार्चला सुरू झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक-सांगलीची द्राक्षं, नागपूरची मृग बहाराची संत्री, पपई, चिकू आणि कलिंगड (विदर्भ-मराठवाड्यात टरबूज) भरपूर येतात. जळगावची केळी तर बारमाही. पुढच्या वर्षांत रमजान थंडीत जाईल, तेव्हा पेरू आणि बोरं हाताशी असतील. बाहेरून आलेली सफरचंदं, किवी रोज हवीतच असं नाही. खजुराचंही तसंच. सुन्नत साध्या खजुरानेही अदा होते, त्यासाठी अजवाच लागतो असं नाही.

भाव असा मोजा
पाटीवरचा भाव पूर्ण खरं सांगत नाही. समजा पपई ४० रुपये किलो आहे आणि तिचा तिसरा हिस्सा साल-बियांत गेला. मग खाण्याजोगी पपई ६० रुपये किलो पडली. पेरू ५० रुपये किलोने आणला तर तो जवळजवळ सगळाच पोटात जातो. म्हणजे महाग दिसणारा पेरूच स्वस्त! घडातून गळालेले द्राक्षांचे सुटे मणी कमी भावात मिळतात. ते घट्ट आणि ताजे असतील तर जरूर घ्या, घरी नीट धुऊन खा.

खरेदी कधी, कशी?
असर ते मगरिब या वेळेत गाड्यावर झुंबड असते. तेव्हा भावही बोलता येत नाही आणि निवडताही येत नाही. सकाळी मंडईत जा, किंवा तरावीहनंतर गाडी आवरत असताना विचारा. त्याहून बरं म्हणजे तीन-चार घरांनी मिळून घाऊक बाजारातून क्रेट आणून वाटून घेणं. दर खेपेला एका घराने जावं, रिक्षाचं भाडं सगळ्यांत विभागावं. कापलेल्या फळांची प्लेट मात्र टाळा. ती महाग पडते आणि उघड्यावर माश्या बसतात, ते वेगळंच.

वाया जाऊ देऊ नका
- काही फळं पिकलेली, काही कच्ची घ्या. कच्ची पपई कागदात गुंडाळून ठेवा.
- केळी इतर फळांपासून वेगळी ठेवा; पिकणाऱ्या केळ्यांशेजारी बाकीची लवकर पिकतात.
- द्राक्षं खाण्याआधीच धुवा. ओली ठेवली की लवकर सडतात.
- चाटची फळं मगरिबच्या थोडं आधी चिरा. साखर घातली की पाणी सुटतं; लिंबू आणि चिमूटभर मसाला पुरे.

दस्तरखानावर फळ आधी
खजूर-पाण्यानंतर आधी फळ, मग तळलेलं. भजी आधी आली की फळाची जागा भरून जाते. कलिंगडाचं सरबत करण्यापेक्षा फोडी खा. गाळलं की चोथा जातो आणि वरून साखर पडते. सहरीला एक केळं किंवा पेरू खायला वेळ लागत नाही, चूल पेटवावी लागत नाही. काळं पडू लागलेलं केळं दुधात कुस्करून मुलांना द्या. मधुमेह असलेल्यांनी खजूर आणि फळांचं प्रमाण रमजानआधीच डॉक्टरांना विचारून ठरवावं.

मोहल्ल्यात इफ्तारी पाठवताना ताटात एक वाटी भजी कमी आणि दोन केळी जास्त ठेवली, तर ज्या घरात फळ येत नाही तिथेही ते पोहोचेल. मशिदीच्या इफ्तारीतही हे सहज जमेल. खाण्यात इस्राफ नको, ही शिकवण आपल्याला आहेच. आठ पदार्थांतले दोन कमी केले तर फळांचे पैसे बऱ्याच अंशी तिथूनच निघतात.