लाकडी पक्ष्यांची पिसे

हिवाळ्यात काशीदच्या पुळणीवर भल्या सकाळी कुरव पक्ष्यांचा थवा बसलेला असला, तर मागून येणारे कुरव त्याच्याशेजारीच उतरतात. जातभाई निवांत बसले आहेत, म्हणजे जागा धोक्याची नाही! शिकाऱ्यांनी नेमका याच विश्वासाचा फायदा घेतला.

आपल्याकडचे फासेपारधी माणसाळवलेला तितर पिंजऱ्यात घालून रानात नेत. त्याच्या हाकेला उत्तर देत आलेले तितर फाशात सापडत. आवाजच खरा, तेव्हा रंगरंगोटीचा प्रश्न नव्हता.

खोटा पक्षी बनवण्याची परंपरा अमेरिकेतली. नेवाडातील लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची अकरा बदके मिळाली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. काहींना रंग दिलेला होता, खरी पिसेही लावलेली होती. पुढे तिथल्या शिकाऱ्यांनी लाकडी बदके कोरली. बाजारासाठी चाललेल्या बेसुमार शिकारीला १९१८ च्या कायद्याने आळा बसला. कालांतराने लाकडी बदके दिवाणखान्यात आली आणि एकेक पीस रंगवण्याची कला बहरली.

हे काम शेपटीकडून डोक्याकडे करतात. घर शाकारताना आपण कौले खालून वर चढवतो, तसेच. पुढच्या पिसाची कड मागच्यावर यायला हवी. आधी चकाकी नसलेला रंग, मग फिकट कड, शेवटी बारीक कुंचल्याने तंतू. तरीही बदकाच्या पंखावरची निळाई साधत नाही, कारण ती रंगद्रव्याची नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेतून येते. शिवाय बऱ्याच पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. म्हणजे ही हुबेहूब पिसे माणसांसाठीच म्हणायची! टिनबर्गन यांच्या प्रयोगात तर कुरवाच्या पिलांनी हुबेहूब डोक्यापेक्षा पांढरे पट्टे असलेल्या लाल काडीवर जास्त चोची मारल्या.

टिनबर्गन यांना नोबेल मिळाले त्याच वर्षी, १९७३ मध्ये, स्टीफन क्रेस यांनी मेन राज्यातील ईस्टर्न एग रॉक बेटावर पफिनची पिले आणायला सुरुवात केली. शिकारीमुळे तिथले पफिन एकोणिसाव्या शतकातच संपले होते. पिले वाढून समुद्रात गेली, पण परततील का? ओसाड बेटावर पफिन उतरेना. १९७७ मध्ये क्रेस यांनी खडकांवर रंगवलेले लाकडी पफिन मांडले. त्याच उन्हाळ्यात खरे पफिन शेजारी येऊन बसू लागले, लाकडी चोचींना चोच लावून पाहू लागले. ४ जुलै १९८१ रोजी एक पफिन चोचीत मासे घेऊन खडकांच्या फटीत शिरला. आत पिलू होते.