तळटीप : पडद्यावरची अक्षरे

१२. ‘पडद्यावरची अक्षरे’ : लेखकाच्या वसई पूर्वेतील गाळ्यात असलेला ऑसिलोस्कोप टेकट्रॉनिक्सच्या ७००० मालिकेतला आहे. ही मालिका १९६९ मध्ये आली. तिच्या पडद्यावर व्होल्ट आणि वेळेची मापे उमटतात, तीही संगणकाविना. बटण फिरवले की आतले रेझिस्टर बदलतात. त्यांनी ठरवलेल्या दोन विद्युतप्रवाहांपैकी एक कोष्टकातली ओळ सांगतो, दुसरा रकाना, आणि त्यावरून अक्षर निवडले जाते. बॅरी गिल्बर्ट यांनी रचलेल्या चिप त्या अक्षराला आकार देतात. तरंग रेखणारा इलेक्ट्रॉनांचा झोतच क्षणभर तरंग सोडून, पाटीवर मुलाने गिरवावे तसे, अक्षर गिरवतो आणि परततो. हा खंड इतका अल्प की डोळ्याला दोन्ही एकत्रच दिसतात.