सागरी बदके : हिवाळी आरोग्यमापनाचा इतिहास

ॲनॅटिडी या बदकांच्या कुलातील ज्या जाती वीण संपल्यावर वर्षाचा मोठा भाग समुद्रावर घालवितात, त्यांना सागरी बदके म्हणतात. आयडर, स्कोटर व हार्लेक्विन ही त्यांची परिचित उदाहरणे होत. उत्तर गोलार्धाच्या शीत प्रदेशांतील ही बदके बुड्या मारून शिंपले, गोगलगायी, खेकडे इ. प्राणी खातात.

या पक्ष्यांचा अभ्यास दीर्घकाळ विणीच्या जागांवरच केंद्रित होता, कारण घरटी व पिले मोजता येतात. हिवाळ्यात थवे दुर्गम, वादळी किनाऱ्यांवर विखुरलेले असतात. स्पेक्टॅकल्ड आयडर हिवाळा कोठे काढतो, हे १९९५ पर्यंत ज्ञात नव्हते. त्या वर्षी उपग्रहाद्वारे मिळालेल्या प्रेषकाच्या संकेतांवरून बेरिंग समुद्रातील हिमाच्छादनाच्या फटींत त्याचे प्रचंड थवे आढळले. तोवर हिवाळ्यातील आरोग्य म्हणजे विमानातून वा नौकेतून केलेली शिरगणती, एवढाच अर्थ रूढ होता.

हा दृष्टिकोन बदलण्यास एक दुर्घटना कारणीभूत झाली. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हॅल्डीझ हे तेलवाहू जहाज अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ब्लाय खडकावर आदळले व सु. ४ कोटी लिटर खनिज तेल समुद्रात सांडले. सु. २,००० किमी. किनारा तेलाने माखला. मेलेल्या पक्ष्यांपैकी ३०,००० हून अधिक हाती लागले; पुष्कळसे समुद्रात बुडाले असावेत. परंतु जे वाचले ते निरोगी होते काय, हा प्रश्न मृतांच्या मोजणीने सुटण्यासारखा नव्हता.

त्याचे उत्तर हार्लेक्विन बदकात शोधले गेले. याचे शास्त्रीय नाव हिस्ट्रिओनिकस हिस्ट्रिओनिकस असून वजन सु. ६०० ग्रॅ. असते. उन्हाळ्यात ते डोंगरी ओढ्यांकाठी वीण घालते व उरलेला काळ खडकाळ किनाऱ्यालगत काढते. ६० अंश उत्तर अक्षांशाजवळ ऐन हिवाळ्यात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. लहान शरीरातून उष्णता लवकर निघून जाते, अन्नशोध दिवसाच चालतो. म्हणून उजेडाचा बहुतेक वेळ खाण्यात जातो आणि हाताशी फारशी शिल्लक उरत नाही. शिवाय हा पक्षी आपला किनारा सहसा सोडत नाही व भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील प्राण्यांवर जगतो. नेमके त्याच पट्ट्यात, वाळूगोट्यांखाली, तेल वर्षानुवर्षे टिकून राहिले.

आरंभीच्या वर्षांत तेलग्रस्त भागात पिले होत नसल्याचे सांगितले गेले. पण त्या भागात विणीस योग्य ओढेच थोडे असल्याने या निष्कर्षावर आक्षेप आले. नुसते वजनही अपुरे ठरते, कारण ते ऋतूनुसार बदलते. म्हणून १९९५ ते १९९८ या काळातील हिवाळ्यांत माद्यांच्या जगण्याचे प्रमाण प्रत्यक्ष मोजण्यात आले. शरीराबाहेर बांधलेले प्रेषक बुड्या मारणाऱ्या पक्ष्याला अडचणीचे होतात. त्यामुळे पशुवैद्यांनी शस्त्रक्रिया करून ते उदरपोकळीत बसविले व विमानातून संकेत टिपले. तेलग्रस्त भागात सु. ७८ टक्के, तर तेलमुक्त भागात सु. ८४ टक्के प्रौढ माद्या हिवाळ्यातून तरल्या. फरक किरकोळ वाटतो. परंतु ही जाती उशिरा प्रौढ होते व थोडी पिले वाढविते; तिची संख्या मुख्यतः प्रौढ माद्यांच्या दीर्घ आयुष्यावर टिकते, हे लक्षात घेता तो गंभीर होता.

दुसरे साधन यकृतातील सायटोक्रोम पी४५०१ए हे एंझाइम होय. तेलातील काही हायड्रोकार्बने शरीरात शिरली की त्याचे प्रमाण वाढते. जिवंत पक्ष्याच्या यकृताचा लहानसा तुकडा काढून ते मोजता येते. गळतीनंतर दशक उलटले तरी तेलग्रस्त भागातील बदकांत ते जास्त आढळले. मात्र या मापावरून संसर्ग कळतो, आजार नव्हे. ही मर्यादा विसरून काढलेली अनुमाने ग्राह्य धरता येत नाहीत. कंपनीच्या बाजूच्या शास्त्रज्ञांनी अधिवासातील फरक व हायड्रोकार्बनांचे अन्य स्रोत यांकडे बोट दाखविले होते. त्यांचा आक्षेप अगदी निराधार नव्हता. तथापि जगण्याचे प्रमाण व एंझाइम या दोन स्वतंत्र मापांचा कौल एकाच दिशेने पडल्याने तेलाचे कारण अधिक संभवनीय ठरले.

२००० ते २००३ मधील हिवाळ्यांत जगण्याच्या प्रमाणातील तफावत दिसेनाशी झाली. एंझाइमाची पातळी मात्र २०११ पर्यंत चढीच होती. २०१३ व २०१४ च्या नमुन्यांत दोन्ही भाग सारखे आढळले. म्हणजे तेलाचा संपर्क संपण्यास सु. २४ वर्षे लागली.

या मोजमापांस कायदेशीर महत्त्वही होते. १९९१ च्या ९० कोटी डॉलरच्या दिवाणी तडजोडीत, पूर्वी न कळलेली हानी उघड झाल्यास आणखी १० कोटींपर्यंत मागण्याची तरतूद होती. तिच्या आधारे केंद्र व अलास्का सरकारांनी २००६ मध्ये ९.२ कोटींची मागणी केली. ऑक्टोबर २०१५ मध्ये, हार्लेक्विन व समुद्री पाणमांजर पूर्वस्थितीस आल्याचे नमूद करून, ती सोडून देण्यात आली. काही किनाऱ्यांवर गोट्यांखालचे तेल तेव्हाही शिल्लक होते.