चौलच्या बंदरातला गोरा पाहुणा : अफनासी निकितीनने पाहिलेले दख्खन

१/ इ.स. १४७० च्या आसपासची गोष्ट. चौलच्या बंदरात एक रशियन व्यापारी आपला घोडा घेऊन उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्यास तेव्हा पाव शतकाहून अधिक काळ बाकी होता. या व्यापाऱ्याचे नाव अफनासी निकितीन. दख्खनच्या लोकांनी या परक्याला कसे वागवले, हे त्याच्याच टिपणांतून कळते. त्यावर हा थ्रेड.

२/ निकितीन हा व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा. अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. मालाबरोबर त्याची धर्मपुस्तकेही गेली. पुढे बाकू, इराण, होर्मुझ अशी मजल मारीत तो समुद्रमार्गे चौलला आला. दख्खनच्या फौजांना परदेशी घोड्यांची मोठी गरज असे. त्याची सारी आशा त्या एका घोड्यावर होती.

३/ चौलमध्ये तो जाईल तिकडे लोक त्याच्यामागे जात आणि गोऱ्या माणसाचे नवल करीत. नवल दोन्ही बाजूंनी होते. उघडी डोकी आणि अंगावरची तुटपुंजी वस्त्रे पाहून हिमप्रदेशातला हा माणूसही चकित झाला. पण या कुतूहलात वैर कुठेच नव्हते.

४/ पालीमार्गे घाट चढून तो जुन्नरला पोहोचला आणि तिथल्या पावसाळ्यात अडकला. जुन्नरचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. हा माणूस मुसलमान नाही, हे कळताच त्याने अट घातली : इस्लाम स्वीकारल्यास घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाकारल्यास घोडाही गेला आणि हजार मोहरांचा दंडही. मुदत चार दिवसांची.

५/ सुटका कोणी केली? मुहम्मद नावाच्या एका खोरासानी मुसलमानानेच. त्याने असदखानाकडे रदबदली केली, धर्मांतराची अट टळली आणि घोडाही परत मिळाला. निकितीनने ही ईश्वरी कृपा मानली. ‘मुसलमान विरुद्ध ख्रिस्ती’ एवढ्या एका सूत्रात हा प्रसंग बसवता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

६/ बहमनी राज्यात परदेशी असणे ही उणीव नव्हती. इराण-खोरासानकडून आलेले ‘आफाकी’ आणि स्थानिक ‘दख्खनी’ हे दरबारातले दोन प्रबळ गट होते. वजीर महमूद गावान स्वतः इराणमधील गिलानचा. सत्ता खोरासानी लोकांच्या हाती आहे, अशी नोंद निकितीननेही केली आहे. म्हणजे ‘परका’ या शब्दामागे सत्तेची छाया होती.

७/ राजधानी बीदरमध्ये त्याने घोडा विकला. तिथल्या हिंदूंचा एक रिवाज त्याने टिपला : मुसलमानाची दृष्टी अन्नावर पडू नये म्हणून ते भांडी झाकून ठेवीत, दृष्टी पडलीच तर ते अन्न खात नसत. आणि निकितीन स्वतः तर ‘ख्वाजा युसुफ खोरासानी’ या नावाने वावरत होता!

८/ मग त्याने आपल्या ओळखीच्या हिंदूंना खरे सांगितले : मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझे नाव अफनासी. त्यानंतर त्यांनी जेवण, व्यापार, पूजाअर्चा यांतले काहीच त्याच्यापासून लपवले नाही. घरच्या स्त्रियाही त्याच्यासमोर येऊ लागल्या.

९/ शिवरात्रीला तो त्यांच्याबरोबर श्रीशैलच्या यात्रेला गेला. या क्षेत्राचे महत्त्व आपल्या देशबांधवांना कळावे म्हणून त्याने लिहिले की, हे हिंदूंचे जेरुसलेम आहे. परक्याची श्रद्धा स्वतःच्या श्रद्धेच्या शब्दांत समजून घेण्याचा हा प्रयत्न त्या काळी दुर्मीळच.

१०/ माणूस तोच, गोरा रंगही तोच. बदलली केवळ ओळख. यावरून असे अनुमान निघते की, बीदरच्या हिंदूंचा दुरावा परदेशी माणसापेक्षा राज्यकर्त्या वर्गाशी अधिक जोडलेला होता. तरी त्याला आदर्शाचा मुलामा देऊ नये. हे लोक आपापसांतही सहभोजन करीत नाहीत, हे निकितीननेच नोंदवले आहे. भिंती घरातही होत्या.

११/ या प्रवासाची किंमत त्याने मनोमन मोजली. पुस्तके लुटली गेल्याने ईस्टर केव्हा येतो, हेही त्याला कळेना. तो अंदाजाने उपवास करी. त्याच्या प्रार्थनांमध्ये अरबी, फारसी, तुर्की शब्द मिसळले. हिंदुस्थानात जायचे तर आपला धर्म मायदेशीच ठेवून निघा, असे त्याने देशबांधवांना खिन्नपणे सुचवले. व्यापारातही फारसे काही हाती लागले नाही.

१२/ परतताना स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच त्याला मृत्यू आला. टिपणे मात्र मॉस्कोला पोहोचली आणि रशियन बखरींत समाविष्ट झाली. १९५७ साली त्याच्यावर ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपट निघाला. चौलशेजारच्या रेवदंड्यात आज त्याचे स्मारक उभे आहे.

१३/ कोणतेही प्रवासवर्णन वाचताना ‘प्रवाशाने काय पाहिले?’ हा प्रश्न आपण विचारतोच. त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा : समोरच्यांनी त्या प्रवाशाला कोण समजले होते? निकितीनला जुन्नरमध्ये एक दख्खन दिसले आणि बीदरच्या घरांत दुसरे. दोन्ही खरी होती.