उपनगरी गाडींतील वारा

१२ एप्रिल १८६७ रोजीं बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची पहिली उपनगरी गाडी विरारहून बॅकबेकडे निघाली, तेव्हां तिच्या स्थानकांच्या यादींत बोरिवलीचें नांव 'बेरेवला' व अंधेरीचें 'अंदारू' असें होतें. सकाळीं ती मुंबईस जाई व संध्याकाळीं परत येई. एवढीच काय ती सोय. त्या गाडींत कोणास उकडलेंच असेल, तर तें वैशाखामुळें. शेजारच्या अंगांमुळें नव्हे. आज स्थिति उलट आहे. पौषांतही अंधेरीस गाडींत शिरलेला मनुष्य दादरपर्यंत घामानें निथळतो.

उकाड्यावर उपाय पूर्वींही होते, परंतु ते वर्ग पाहून योजिलेले. लांब पल्ल्याच्या गाड्यांत वरच्या वर्गाच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपीत. १९३४ सालीं फ्राँटियर मेलला थंड हवेचा डबा जोडण्यांत आला. त्याच्या तळाशीं बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरील वारा पंख्यानें आंत सोडीत. तिसऱ्या वर्गाच्या वाट्यास नुसती खिडकी आली, आणि तींतून वाऱ्याबरोबर कोळशाची कणीही डोळ्यांत जाई! ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गानें, व ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. तिच्या वेगाची वाखाणणी सर्वांनीं केली. परंतु खिडकी निर्धास्तपणें उघडी ठेवतां येऊं लागली, हा लाभही कांहीं लहान नव्हता.

पुढें माणसें वाढलीं व खिडकी पुरेनाशी झाली. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या अंगांतून सुमारें १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. बारा डब्यांच्या गाडींत गर्दीच्या वेळीं पांच हजार माणसें असतात. म्हणजे ५ लक्ष वॅट, अर्थात् एक किलोवॅटच्या ५०० विजेच्या शेगड्या गाडींत पेटविल्यासारखेंच झालें. घाम सुकला तर ही उष्णता जाते. पण मुंबईची हवा आधींच दमट, तींत घाम सुकावयाचा कसा? वाहता वारा हाच काय तो उतार. खिडकीचा वारा बसलेल्यांच्या व त्यांच्यापुढें उभ्या असलेल्यांच्या अंगांवर अडतो. डोक्यावरचे पंखे तीच तापलेली हवा घुसळतात. मोकळा वारा मिळतो तो दारांत. घाटकोपरचा तरुण दारास लोंबकळतो, त्यास उनाड म्हणून मोकळें होणें सोपें आहे. कित्येकदां आंत जागा नसते, आणि असली तरी ती श्वास घेण्याजोगी नसते.

२००७ पासून आलेल्या जांभळ्या-पांढऱ्या गाड्यांत छतांतून बाहेरची हवा आंत ढकलणारीं यंत्रें बसविलीं गेलीं. २५ डिसेंबर २०१७ रोजीं बोरिवलीहून चर्चगेटकडे पहिली वातानुकूलित लोकल निघाली. ही गाडी वास्तविक मध्य रेल्वेसाठीं कुर्ल्याच्या कारशेडमध्यें आणलेली. परंतु त्या मार्गावरील जुन्या, ठेंगण्या पुलांखालीं तिची उंची मावेना, म्हणून ती पश्चिम रेल्वेच्या वाट्यास गेली. घाटकोपर-मुलुंडच्या मुख्य मार्गावर अशी गाडी धांवण्यास १७ डिसेंबर २०२० उजाडला. थंडावा आला, पण भाड्यासह आला. २०१७ सालीं तिचें किमान भाडें ६० रुपये होतें. साध्या दुसऱ्या वर्गाचें ५. मे २०२२ मध्यें सुट्या तिकिटाचे दर निम्म्यापर्यंत उतरविले. तथापि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें कळवा व बदलापूर येथें प्रवाशांनीं विरोध केला, कारण साध्या गाड्यांच्या वेळा वातानुकूलित गाड्यांना दिल्या गेल्या होत्या. एका गाडींतील गारवा म्हणजे मागच्या गाडींतील अधिक उकाडा, हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. मध्य रेल्वेस दहा फेऱ्या मागें घ्याव्या लागल्या.

९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जात असतां दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले व त्यांतील कांहीं दगावले. त्यानंतर साध्या गाड्यांसही आपोआप मिटणारीं दारें बसविण्याचें रेल्वेनें जाहीर केलें. परंतु दार मिटलें कीं वारा बंद! म्हणून दारांना झरोके, छतावर बाहेरची हवा आंत ओढणारीं यंत्रें, आणि एका डब्यांतून दुसऱ्यांत जाण्यास वाट, अशी योजना आंखण्यांत आली. उघडें दार जेवढी हवा फुकट देत होतें, तेवढी आतां छतावरच्या यंत्रांस द्यावी लागेल. आणि तीही भर गर्दींत, गाडी सिग्नलपाशीं थांबली असतांना.