गेट काढलेला ट्रान्झिस्टर

चिप पाण्यापासून जपायची, हे आम्हा इंजिनिअर लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. १९७० मध्ये नेदरलँड्सच्या पीट बर्गवेल्ड यांनी नेमकं उलटं केलं. ट्रान्झिस्टरचं धातूचं गेट काढून उघडा ऑक्साइडचा थर थेट द्रावणात बुडवला. द्रावणातले आयन बदलले की करंट बदलायचा. त्यांना मज्जातंतूंभोवतीचे आयन मोजायचे होते.

पण डीएनएची नवी साखळी एका अक्षराने वाढली की हायड्रोजन आयन सुटतो. तो टिपणारे असेच लाखो सेन्सर एकेका चिपवर बसवून २०११ मध्ये एका माणसाचा जीनोम वाचला गेला. कोणाचा? 'मूर्स लॉ'वाल्या गॉर्डन मूर यांचा!

'याचा उपयोग काय?' असं कोणी विचारलं, तर ही ४१ वर्षं सांगा.