कविता, कंठ आणि साथ

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आपल्या परळी वैजनाथांत गाणीं पुष्कळ गाइलीं जातील. गाण्यांत शब्द मोठा कीं सूर, हा वाद जुना आहे. त्याचा अल्पसा इतिहास येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपला प्रांत ओवीचा. जवळच अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधि आहे. तिकडे गोमंतकांत फादर स्टीफन्स ह्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं ओवींतच प्रसिद्ध झालें. ओवींत चाल साधी व शब्द स्वामी.

युरोपांत १८१४ सालीं सतरा वर्षांच्या शूबर्टनें सूत कांतणाऱ्या मुलीचें गटेकृत गीत एक कंठ व पियानो ह्यांसाठीं रचलें. त्यांत चरख्याची घरघर पियानो ऐकवितो, आणि आठवणीनें तिचें भान हरपतें तेथें तोहि थबकतो. साथीनें कवितेचा अर्थ बोलावा, हें त्यांतील मर्म होय.

मराठींत ही वाट १९३० नंतर रुळली. मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे ह्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी ह्यांनीं स्वतः चाल लावून ध्वनिमुद्रिकेवर गाइली. तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची; तींत लांब तानांस जागा नव्हती, म्हणून शब्द पुढें आला. १ जुलै १९३३ रोजीं 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक रंगभूमीवर आलें; केशवराव भोळे ह्यांच्या चाली त्यांत ज्योत्स्नाबाई भोळे ह्यांनीं गाइल्या. पुढें १९३७ सालीं 'कुंकू' चित्रपटांत केशवरावांनीं लाँगफेलोच्या इंग्रजी कवितेसहि चाल दिली. ती शांता आपटे ह्यांनीं गाइली.

पियानो मात्र आपल्या घरांत रुजला नाहीं. तो महाग व अवजड. शिवाय त्याच्या ठराविक स्वरांतून मींड निघत नाहीं. हाच दोष पेटीचाहि, म्हणून १९४० सालीं आकाशवाणीनें ती वर्ज्य केली. तो निर्बंध १९७१ सालीं सैल झाला. परंतु पेटी स्वस्त व सुटसुटीत, म्हणून मंदिरांत तीच टिकली.

४ डिसेंबर १९६३ च्या परिषदीय संविधानानें उपासनेंत मातृभाषेस वाव दिला, तेव्हांपासून शब्दाची जबाबदारी आपल्या गायकवृंदावर आली. पेटी जोरांत वाजवून शब्द बुडविण्याचा प्रमाद आमच्या हातूनहि घडला आहे. मागल्या बांकावरील आजीबाईस प्रत्येक शब्द कळेल तेव्हांच आपलें गाणें पुरें झालें, असें आम्ही मानतों.